शाळा विचार करायला शिकवते का? गुण आणि मिनिटं मोजून तपासायची रीत

एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. जहाजाच्या कप्तानाचं वय किती?

फ्रान्समधल्या ग्रेनोबलला १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना हा प्रश्न दिला गेला. त्यातल्या ७६ जणांनी आकडेमोड करून कप्तानाचं वय काढून दाखवलं. ही मुलं ढ नव्हती. शाळेत न सांगता जे शिकवलं जातं तेच त्यांनी चोख वापरलं: पुस्तकातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतंच, दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात, आणि ‘हा प्रश्नच चुकलाय’ असं म्हणायला उत्तरपत्रिकेत जागा नसते.

शाळा कमावती माणसं घडवते की स्वतंत्र विचार करणारी, हा वाद चर्चेत कधी मिटत नाही, कारण शाळेच्या उद्दिष्टांत दोन्ही गोष्टी छान लिहिलेल्या असतात. खरं उत्तर दोन ठिकाणी सापडतं: परीक्षेतले गुण कशाला मिळतात आणि तासातली मिनिटं कशावर जातात. दोन्ही मोजता येतं. कसं मोजायचं, आणि मोजल्यावर काय बदलायचं, ते खाली दिलंय. पालक असाल तर पहिला भाग घरबसल्या होईल. शिक्षक किंवा मुख्याध्यापक असाल तर सगळंच तुमच्या हातात आहे.

आधी थोडं मागचं

ओढाताण जुनी आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात १७६३ मध्ये राजाज्ञेनं पाच ते तेरा-चौदा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. राज्याला शिस्तीतली, लिहितीवाचती प्रजा हवी होती. त्याच प्रशियात १८०९ मध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट शिक्षण खात्याचे प्रमुख झाले. त्यांचं म्हणणं नेमकं उलट होतं: आधी माणूस म्हणून घडू द्या, धंदा मागाहून शिकवा. पुढे १९६१ मध्ये थिओडोर शुल्ट्झ आणि १९६४ मध्ये गॅरी बेकर यांनी शिक्षण म्हणजे माणसात केलेली गुंतवणूक, हा विचार अर्थशास्त्रात पक्का केला. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं आणि धोरणं लिहिणाऱ्यांची भाषाच बदलली.

पण आपल्या कामाचा धडा इंग्लंडमधला आहे. तिथे १८६२ मध्ये ‘निकालाप्रमाणे पैसे’ हा नियम आला. शाळेला दर मुलामागे सरासरी हजेरीबद्दल ४ शिलिंग, आणि नियमित येणाऱ्या मुलाच्या परीक्षेबद्दल आणखी ८ शिलिंग. वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी एकात मूल नापास झालं की २ शिलिंग ८ पेन्स कापले जायचे. हेतू वाईट नव्हता. सरकारी पैशाचा हिशेब लागावा इतकाच होता. झालं काय, तर शाळांनी बाकी सगळं बाजूला टाकलं आणि वाचनाचं पुस्तक मुलांकडून पाठ करून घेतलं. मॅथ्यू आर्नल्ड तेव्हा शाळा तपासनीस होते. हुशारीनं तयारी करून घेतली तर वाचता, लिहिता, हिशेब करता न येणारं मूलही वाचन-लेखन-अंकगणिताच्या परीक्षेत पास होतं, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे विचार तर राहिलाच, ज्या कामाच्या कौशल्यासाठी एवढा खटाटोप केला तेही हाती लागलं नाही. कमाई आणि विचार यांचं भांडण आपण समजतो तेवढं मोठं नाही. खरं भांडण आहे ते सहज मोजता येणारं आणि मोजायला कष्ट पडणारं, या दोघांत.

पहिली मोजणी: प्रश्नपत्रिका

लागेल ते: एकाच विषयाच्या गेल्या तीन वर्षांच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, त्यांची उत्तरसूची आणि गुणदानाची पद्धत मिळाली तर तीही, ते पाठ्यपुस्तक, चार रंगांच्या पेन्सिली आणि साधारण दोन तास. पहिल्यांदा इतिहास किंवा भाषा घ्या. गणित दुसऱ्या फेरीला.

प्रत्येक उपप्रश्नाला चारपैकी एक रंग द्या.

आठवण: उत्तर पुस्तकात जवळजवळ तसंच छापलेलं आहे.
रीत: शिकवलेली पद्धत नव्या आकड्यांवर किंवा नव्या वाक्यावर चालवायची आहे, कोणती पद्धत ते प्रश्नातच कळतं.
निवड: प्रसंग ओळखीचा नाही, कुठली रीत लागू पडते ते मुलानं ठरवायचंय.
निवाडा: एकापेक्षा जास्त उत्तरं टिकू शकतात, आणि गुण कारणांना व पुराव्याला आहेत.

शिक्षणशास्त्रात १९५६ पासून बेंजामिन ब्लूम यांची विचाराच्या सहा पायऱ्यांची मांडणी वापरतात आणि २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही आली. या कामाला चार कप्पे पुरतात. सहा केले की निम्मा वेळ ‘हा चौथ्यात की पाचव्यात’ यातच जातो.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: लोक प्रश्नातलं क्रियापद बघून रंग देतात. ‘कारणे द्या’, ‘चिकित्सा करा’, ‘तुमचे मत लिहा’ असं दिसलं की निवाडा म्हणून मोकळे होतात. क्रियापदाकडे बघूच नका. स्वतःला एक प्रश्न विचारा: धडा न समजलेलं पण गाईडमधलं उत्तर घोकलेलं मूल याला पूर्ण गुण मिळवेल का? उत्तर ‘हो’ असेल तर तो आठवणीचा प्रश्न. उत्तरसूचीत ‘खालीलपैकी कोणतेही सहा मुद्दे, प्रत्येकी एक गुण’ असं असेल तर तोही आठवणीचाच, प्रश्न कितीही भारदस्त असो.

दुसरी चूक पर्यायांची. ‘कोणतेही दोन सोडवा’ या गटात तीन प्रश्न आहेत, दोन आठवणीचे आणि एक निवाड्याचा. मुलं निवाड्याचा सोडून देतात, शिकवणारेही सोडायलाच सांगतात. अशा प्रश्नाचे गुण शून्य धरा. कित्येक प्रश्नपत्रिका कागदावर बऱ्या दिसतात आणि ही एक दुरुस्ती केली की उघड्या पडतात.

मग प्रत्येक रंगाचे गुण मिळवा. गुण मोजायचेत, प्रश्नांची संख्या नाही. समजा ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत आठवण ४६, रीत २२, निवड ८, निवाडा ४ असे आले. निवड आणि निवाडा मिळून १२, म्हणजे १५ टक्के. या वर्षी एकदाही विचार न केलेलं मूल तिथे ८० पैकी ६८ मिळवू शकतं. शिक्षकाला हे माहीत असतं, मुलाला माहीत असतं, शिकवणीवाल्यांना तर सगळ्यात आधी माहीत असतं. निवड-निवाड्याचे गुण एकूण गुणांच्या दहाव्या भागाहून कमी असतील, तर वर्गात त्यासाठी वेळ दिला जाईल अशी आशा धरू नका. पाचवा ते चौथा हिस्सा हे आमच्या मते झेपणारं लक्ष्य आहे. एकदम निम्म्यावर उडी मारली की दोन तपासनीसांचे गुण जुळेनासे होतात, तक्रारी येतात आणि पुढच्या वर्षी सगळं मागे जातं.

ही मोजणी दोघांनी वेगवेगळी करावी आणि मग ताडून पाहावी. पाचातल्या एकापेक्षा जास्त प्रश्नांवर मतभेद असेल, तर कप्प्यांचा अर्थ दोघांनी वेगळा घेतलाय. उदाहरणं समोर ठेवून आधी ते मिटवा, मग पुन्हा मोजा.

एक प्रश्न जवळून

पहिल्या महायुद्धावरचा नेहमीचा प्रश्न: ‘पहिल्या महायुद्धाची कारणे स्पष्ट करा. (६ गुण)’ सहा मुद्दे, सहा गुण, शुद्ध आठवण. याच धड्यावर, याच सहा गुणांत असा प्रश्न काढता येतो:

२३ जुलै १९१४: ऑस्ट्रिया-हंगेरीचा सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता.
२८ जुलै: ऑस्ट्रिया-हंगेरीचं सर्बियाविरुद्ध युद्ध.
३० जुलै: रशियाचा सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम.
१ ऑगस्ट: जर्मनीचं रशियाविरुद्ध युद्ध.
४ ऑगस्ट: जर्मन सैन्य बेल्जियममध्ये, ब्रिटन युद्धात.

‘यांपैकी कोणती एक घटना टळली असती तर युद्ध युरोपभर पसरलं नसतं, असं तुम्हाला वाटतं? एक निवडा. कारण द्या. तुमच्या निवडीविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दाही लिहा. कोणती माहिती मिळाली तर मत बदलाल, तेही सांगा.’

गुणदान आधी ठरवून मुलांना सांगा. कोणती घटना निवडली याला ० गुण. कारण दिलेल्या तारखांशी आणि करारांशी जोडलंय याला ३. विरुद्ध मुद्दा खरोखर भक्कम आहे, लुटूपुटूचा नाही, याला २. कोणती माहिती मिळाली तर मत बदलाल, याला १. पहिल्या ओळीतलं ते शून्य फार महत्त्वाचं आहे. ‘बाईंना कोणतं उत्तर आवडेल’ हा मुलांच्या डोक्यातला हिशेब तिथे बंद पडतो.

सैन्याची जमवाजमव म्हणजे काय, ती एकदा सुरू झाली की थांबवणं का अवघड होतं, कुणाचा कुणाशी करार होता, हे ज्या मुलाला माहीत नाही ते इथे नुसतं मत फेकेल. म्हणून धडा आधी नीट शिकवावा लागतो. विचार हा माहितीवाचून चालत नाही. ‘चिकित्सक विचार’ नावाचा वेगळा तास ठेवून त्यात कोडी सोडवून घेणाऱ्या शाळा इथेच फसतात: कोडी सुटतात, पण इतिहासाच्या किंवा विज्ञानाच्या तासाला मूल परत घोकंपट्टीवर येतं. विषयाच्या आतच शिकवा. आधी दोन आठवडे धडा, मग असा प्रश्न.

गणितात तीन सोप्या युक्त्या चालतात: गरज नसलेला एक आकडा घाला, लागणारा एक आकडा काढून घ्या, किंवा सोडवलेलं चुकीचं उदाहरण देऊन चूक शोधायला लावा. चौथी थोडी वेगळी आणि आमच्या आवडीची. ‘५ मजूर एक भिंत ६ दिवसांत बांधतात, तर ३० मजूर किती दिवसांत?’ उत्तर १ दिवस. आता पुढे विचारा: ‘६०० मजूर?’ रीत चालवली की दिवसाचा विसावा भाग येतो. आठ तासांचा दिवस धरला तर २४ मिनिटं. मग मुद्द्याचा प्रश्न: ‘२४ मिनिटांत भिंत होईल का? रीत नेमकी कुठे तुटली?’ भिंतीजवळ एवढी माणसं मावत नाहीत, खालचा थर झाल्याशिवाय वरचा चढत नाही, हे मुलं आपणहून काढतात. समप्रमाण-व्यस्तप्रमाण पाठ असलेल्या मुलाला ते कधी वापरू नये हे तेव्हा पहिल्यांदा कळतं. पुढे कामावर गेल्यावर हेच उपयोगी पडणार आहे.

दुसरी मोजणी: तास

वर्गात मागच्या बाकावर बसा, शिक्षकांना आधी सांगून. वहीत चार रकाने: शिक्षकांनी विचारलेले प्रश्न, त्यातले ज्यांचं उत्तर शिक्षकांना आधीच ठाऊक होतं ते, प्रश्नानंतर किती सेकंद थांबले, मुलांनी विचारलेले प्रश्न. ‘हे वहीत उतरवायचं का’ आणि ‘हे परीक्षेला आहे का’ हे चौथ्या रकान्यात धरू नका, मात्र बाजूला टिपून ठेवा. तेच जास्त निघाले तर तीही एक माहितीच आहे.

तिसऱ्या रकान्यावर शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी बरंच काम केलंय; त्यांचा प्रसिद्ध लेख १९७४ चा. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. थांबण्याच्या जागा दोन असतात: प्रश्नानंतरची, आणि मुलाच्या उत्तरानंतरची. दुसरी जवळजवळ सगळेच विसरतात. मूल अर्धं वाक्य बोलतं, शिक्षक ‘बरोबर!’ म्हणून ते स्वतः पूर्ण करतात, आणि मुलाच्या डोक्यात जुळत आलेला उरलेला अर्धा भाग तिथेच विरतो. मनात तीन अंक मोजा आणि मुलाचं उत्तर आपल्या तोंडानं परत म्हणू नका. सुरुवातीला फार अवघड जातं.

आठवणीच्या प्रश्नावर थांबून मात्र काही मिळत नाही. ‘राजधानी कोणती’ विचारून तीन सेकंद थांबलं तर वर्ग फक्त ताटकळतो. म्हणजे प्रश्न आणि थांबणं एकत्रच बदलावं लागतं.

एका तासावरून निष्कर्ष काढू नका. कुणी बघायला बसलं की शिकवणं बदलतं. तेच शिक्षक, तोच वर्ग, वेगवेगळ्या दिवशी तीन तास. पहिला तास हिशेबात धरूच नका.

याच वहीत शेवटी आणखी एक नोंद करा: आठवडाभरात मुलांनी स्वतः काय काय ठरवलं? कोणता प्रश्न आधी सोडवायचा, कुणाबरोबर काम करायचं, प्रयोग कसा मांडायचा. १९७६ मध्ये सॅम्युअल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस या अर्थतज्ज्ञांनी दाखवायचा प्रयत्न केला की वर्गातलं नातं कारखान्यातल्या नात्याची नक्कल करतं: काय करायचं ते वरचा ठरवतो, खालच्यानं ते वेळेत पुरं करायचं. त्यांचा सगळा सिद्धांत मान्य करायची गरज नाही. पण यादी कोरी राहिली तर ती कोरी आहे हे मुख्याध्यापकांच्या नजरेस आणा.

वहीवरचा शेरा

एकच बदल करायची ताकद असेल तर हा करा. रूथ बटलर यांचा १९८८ मधला प्रयोग आहे. मुलांचे तीन गट केले: एकाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त शेरा, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात फक्त शेरा मिळालेली मुलं सुधारली. दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. गुण दिसला की मूल शेरा वाचत नाही, शेजाऱ्याचा गुण बघतं.

करायचं असं. निवाड्याच्या उत्तराखाली गुण न लिहिता एकच प्रश्न लिहा, त्या उत्तराबद्दलचा: ‘रशियानं हुकूम काढलाच नसता तरी ऑस्ट्रियाचं सर्बियाशी युद्ध चालूच होतं ना? मग ते पसरलं नसतं असं का म्हणतोस?’ वही परत द्या, वर्गातच १५ मिनिटं उत्तर लिहायला द्या. गुण मागाहून आपल्या नोंदवहीत टाका. ‘छान’, ‘अजून प्रयत्न कर’, ‘मुद्देसूद लिही’ असे शेरे नकोत, त्यावर मुलाला करण्यासारखं काहीच नसतं.

वेळेचा हिशेब आधीच करा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात हे बंद पडतं. ५० वह्या गुणिले ३ मिनिटं म्हणजे अडीच तास, दर आठवड्याला ते कुणालाच जमणार नाही. आठवड्याला १० वह्या, अर्ध्या तासात. पाच आठवड्यांत प्रत्येक मुलाची पाळी येते. बाकीच्या वह्या मुलं जोडीनं एकमेकांच्या वाचतात आणि खाली एक प्रश्न लिहितात.

शाळेशी बोलताना

मुख्याध्यापकांकडे ‘तुमची शाळा यंत्रमानव बनवते’ असं म्हणत जाऊ नका. रंगवलेली एक प्रश्नपत्रिका आणि बदललेला एक प्रश्न घेऊन जा. मागणी छोटी ठेवा: पुढच्या घटक चाचणीत सहा गुणांचा एक निवाड्याचा प्रश्न, पर्यायात न टाकलेला, गुणदानाची पद्धत आठवडाभर आधी मुलांना दिलेली. हे शेवटचं वगळलं की पालक ‘माझ्या मुलाचं मत पटलं नाही म्हणून गुण कापले’ म्हणून भांडायला येतात, आणि त्यांचं म्हणणं तेव्हा चुकीचंही नसतं.

निकाल खाली येईल ही भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं की शिक्षणानं काहीच नवं शिकवलं नाही तरी प्रमाणपत्र बाजारात खूण म्हणून चालतं. नोकरी देणारा त्यावरून माणूस निवडतो. ज्या घरातलं पहिलंच मूल शाळेत जातंय, त्या घरासाठी ही खूण म्हणजे दार उघडायची किल्ली आहे. त्याला ‘गुण महत्त्वाचे नाहीत’ असं सांगणं हा अन्याय आहे. पाढे, शुद्ध वाचन, वेळेत काम पुरं करणं यांतही कुणी सूट मागू नये. म्हणूनच आठवणीचे गुण थोडे, सावकाश कमी करायचे: दर वर्षी एका प्रश्नपत्रिकेत पाच-सहा गुण, जास्त नाहीत.

एक अडचण नक्की येणार. वर्षभरात ‘निवाड्याच्या प्रश्नांची तयार उत्तरं’ बाजारात येतात, विरुद्ध मुद्द्यासकट. यावर उपाय म्हणजे प्रश्नाचा साचा तोच ठेवून मजकूर दर वेळी नवा द्यायचा: तारखांची वेगळी यादी, वेगळा तक्ता, वेगळे दोन परिच्छेद. त्यासाठी विषयशिक्षकांनी मिळून वर्षाला १५-२० मजकुरांचा साठा करावा आणि एकदा वापरलेला मजकूर तीन वर्षं परत काढू नये.

दोन सत्रांनंतर त्याच दोघांनी प्रश्नपत्रिका पुन्हा रंगवाव्यात आणि तास पुन्हा मोजावेत. सोबत कप्तानाच्या वयासारखा एक प्रश्न, नेहमीच्या दहा गणितांत सातव्या-आठव्या क्रमांकावर, काही न सांगता ठेवा. प्राण्यांऐवजी दुसरं काहीतरी घ्या. मूळ प्रश्न काही मुलांनी ऐकलेला असतो. त्याच दहांत विचित्र दिसणारा पण सुटणारा एक प्रश्नही हवा, नाहीतर सावध झालेली मुलं अडलं की सरसकट ‘माहिती अपुरी’ लिहून मोकळी होतात. जी मुलं पहिल्यावर ‘यावरून सांगता येत नाही’ लिहितात आणि दुसरा सोडवून दाखवतात, तेवढीच मोजा, आणि तो आकडा पुढच्या वर्षीच्या तुलनेसाठी तारीख घालून जपून ठेवा.